लायब्ररीची बडबड कशी आवरायची: पायथनमधलं लॉगिंग, नवीन लोकांसाठी

आपल्या कोडमध्ये काय चुकतंय ते बघायला लॉगिंग, म्हणजे प्रोग्रॅम चालताना काय घडतंय त्याच्या नोंदी, डीबगवर म्हणजे सगळ्यात बारीक पातळीवर टाकावं, तर स्क्रीनवर आपली एक ओळ आणि बाकी सगळ्या युआरएललिब३, बोटोकोअर, मॅटप्लॉटलिब असल्या लायब्रऱ्यांच्या ओळी, कुठलं कनेक्शन उघडलं, कुठला फॉन्ट शोधला, आपल्याला काही देणंघेणं नसलेलं सगळं. मग शोधाशोध केली की कोणीतरी एका ओळीचा उपाय देतं जो सरसकट सगळंच बंद करतो, तो टाकला की शांतता होते खरी पण पुढे प्रॉडक्शनमध्ये काही पडलं की लॉगमध्ये काहीच नसतं आणि तेव्हा कोणालाच आठवत नाही की ती ओळ कुणी आणि का टाकली होती.

माझं म्हणणं सरळ आहे, सगळ्यांचं तोंड बंद करू नका, कोण बोलतंय त्याचं नाव काढा आणि फक्त त्याचाच आवाज कमी करा. पायथनचं लॉगिंग यासाठीच बनवलंय, फक्त ते कसं चालतं हे कोणी नीट सांगत नाही. हे सगळं पायथनबद्दल आहे कारण रोज त्यातच काम करतो, पण जावावाल्यांनाही बरंचसं ओळखीचं वाटेल.

एक सूचना आधीच: कोडमधली नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना ती इंग्रजी स्पेलिंगमध्येच करायची. गेटलॉगरमधला एल कॅपिटल, सेटलेव्हलमधलाही एल कॅपिटल, बेसिककॉन्फिगमधला सी कॅपिटल. पहिलं नावाने लॉगर, म्हणजे मेसेज टाकणारा, मिळवतं, दुसरं त्याची पातळी म्हणजे लेव्हल ठरवतं, तिसरं लॉगिंगची सुरुवातीची मांडणी करतं. पायथनच्या बाकी लायब्ररीत अशी उंटासारखी नावं फारशी नसतात, इथे आहेत कारण हे मॉड्यूल जावाच्या लॉगफोरजेवरून प्रेरणा घेऊन विनय सजीप यांनी लिहिलं, पेप २८२ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव) म्हणून मांडलं आणि २००३ च्या पायथन २.३ मध्ये ते आलं.

सुरू करण्याआधी काय काय हवं

- पायथन ३.८ किंवा त्यापुढचं, कारण बेसिककॉन्फिगचा फोर्स हा पर्याय ३.८ मध्ये आला आणि त्याची गरज पडते
- प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती फाइल बदलायची मुभा
- जी बडबड त्रास देतेय तिच्या वीस-तीस ओळी एका टेक्स्ट फाइलमध्ये कॉपी करून ठेवा, नंतर फरक बघायला लागतात
- सर्व्हरवर चालणारं काही असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कोडच्या बाहेरून प्रोग्रॅमला दिलेली सेटिंग) बदलायची परवानगी, किंवा ज्याच्याकडे ती आहे त्याच्याशी ओळख
- जमलं तर लॉगिंग_ट्री नावाचं छोटं पॅकेज, पिपने लगेच येतं

१. ती ओळ खरंच लॉगची आहे का ते बघा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग लेव्हल बदलून बदलून दमतात. स्क्रीनवर दिसणारी प्रत्येक ओळ लॉगिंग मॉड्यूलमधून आलेली नसते, ती साध्या प्रिंटची असू शकते, वॉर्निंग्ज नावाच्या वेगळ्याच मॉड्यूलची असू शकते, टीक्यूडीएमचा प्रोग्रेस बार असू शकतो, किंवा लायब्ररीच्या पोटातल्या सी++ नाहीतर जावा कोडने थेट टर्मिनलवर लिहिलेली असू शकते. यातल्या प्रत्येकाला वेगळं औषध.

ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला तात्पुरतं लॉगिंग.डिसेबल(लॉगिंग.क्रिटिकल) टाकायचं आणि चालवून बघायचं. ओळ गायब झाली तर ती लॉगिंगची. तरी दिसत राहिली तर ती लॉगिंगची नाही, थेट सहाव्या पायरीवर जा. आणि हो, बघून झालं की ती ओळ लगेच काढून टाका! सुरुवातीला म्हटलं तो सरसकट उपाय म्हणजे हीच ओळ, ती पूर्ण प्रोसेसमधल्या सगळ्या लॉगरना क्रिटिकलपर्यंत गप्प करते, तुमच्या स्वतःच्या एररसकट.

२. बोलणाऱ्याचं नाव काढा

प्रत्येक लॉगरला नाव असतं, आणि बहुतेक लायब्रऱ्या आपल्या मॉड्यूलचंच नाव त्याला देतात. तुम्ही बेसिककॉन्फिग वापरताना फॉरमॅट दिला नसेल तर ओळ अशी दिसते, आधी लेव्हल, मग कोलन, मग लॉगरचं नाव, मग कोलन, मग मेसेज. म्हणजे डीबग:युआरएललिब३.कनेक्शनपूल:स्टार्टिंग न्यू एचटीटीपीएस कनेक्शन असं काही दिसलं तर मधला भाग हेच ते नाव, आणखी कुठे शोधायला जायची गरज नाही.

पण बऱ्याच टीममध्ये कोणीतरी सुंदर फॉरमॅट बनवलेला असतो ज्यात वेळ असते, मेसेज असतो, आणि नाव मात्र नसतं. तिथे फॉरमॅटच्या स्ट्रिंगमध्ये टक्का, कंसात नेम, आणि पुढे एस एवढं घाला, नावं दिसायला लागतील. हा बदल मी म्हणेन कायमचा ठेवा, नाव नसलेला लॉग म्हणजे कोण बोललं ते कळायला मार्गच नाही.

प्रोग्रॅममध्ये आत्ता कुठले लॉगर तयार झालेत त्याची यादी हवी असेल तर लॉगिंग.रूट.मॅनेजर.लॉगरडिक्ट याच्या की छापून बघा. आणि कोणाच्या खाली कोण, कोणाला कुठली लेव्हल, कोणाला हँडलर (प्रत्यक्ष ओळ लिहिणारा भाग) लावलेत हे सगळं झाडासारखं बघायचं असेल तर लॉगिंग_ट्री.प्रिंटआउट() चालवा. काहीतरी विचित्र होतंय असं वाटलं की मी आधी हेच चालवतो, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

३. लेव्हल आणि झाड, एकदा शांतपणे समजून घ्या

ही पायरी जरा मोठी आहे पण हीच खरी, बाकी सगळं यावर उभं आहे.

लेव्हल म्हणजे नुसते आकडे आहेत. डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. आणि ० म्हणजे नॉटसेट, म्हणजे "मी काही ठरवलेलं नाही, माझ्या वरच्याला विचारा". लॉगरची लेव्हल ३० असेल तर ३० च्या खालचं काही पुढे जात नाही.

लॉगरची नावं डॉटने तोडली की झाड तयार होतं. युआरएललिब३.कनेक्शनपूलचा बाप युआरएललिब३, आणि त्याचा बाप रूट. नवीन लॉगर जन्माला येतो तेव्हा नॉटसेट असतो, त्यामुळे तो वर वर बघत जातो आणि ज्याची लेव्हल ठरलेली पहिल्यांदा सापडेल ती स्वतःची मानतो. रूटची मुळातली लेव्हल वॉर्निंग असते. म्हणून तुम्ही काहीच केलं नाही तर लायब्रऱ्या गप्प असतात, आणि तुम्ही रूटलाच डीबग केलं की ज्यांनी स्वतःची लेव्हल ठरवलेली नाही त्या सगळ्यांना एकदम कंठ फुटतो. बडबडीचं मूळ नव्वद टक्के वेळा हेच असतं, लायब्ररीचा दोष नसतोच, आपणच रूटला हात लावलेला असतो.

आता जिथे भलेभले अडखळतात ती गोष्ट. मेसेज निघाला की तो दोन ठिकाणी तपासला जातो. तुमच्या सोसायटीचं बघा, गेटवर वॉचमन एकदा विचारतो कोणाकडे जायचंय, आत सोडलं की लॉबीत, लिफ्टमध्ये कोणी अडवत नाही, मग थेट फ्लॅटच्या दाराशी घरचा माणूस बघून ठरवतो दार उघडायचं की नाही. गेट म्हणजे ज्या लॉगरवर मेसेज निघाला त्याची लेव्हल. फ्लॅटचं दार म्हणजे हँडलरची लेव्हल, हँडलर म्हणजे जो प्रत्यक्ष कन्सोलवर किंवा फाइलमध्ये लिहितो तो. आणि लॉबी म्हणजे मधले बाप-आजोबा लॉगर, त्यांची लेव्हल त्या वेळी कोणी विचारतच नाही. मेसेज एकदा निघाला की तो वरच्या सगळ्यांच्या हँडलरपर्यंत पोचतो, वरच्यांची स्वतःची लेव्हल काहीही असो.

म्हणजे काय, तर एखाद्या लायब्ररीने स्वतःच्या लॉगरला डीबग लावून ठेवलं असेल तर तुम्ही रूटला एरर केलंत तरी तिची बडबड चालूच राहणार, कारण रूटच्या लेव्हलला कोणी विचारलंच नाही. "मी तर रूटला एरर केलंय तरी हे का छापतंय" याचं उत्तर हे.

४. स्वतःचं डीबगवर, बाकीच्यांचं वॉर्निंगवर

आता उपाय. समजा तुमच्या पॅकेजचं नाव "दुकान" आहे. सुरुवातीच्या फाइलमध्ये एवढंच:

इम्पोर्ट लॉगिंग
लॉगिंग.बेसिककॉन्फिग(लेव्हल=लॉगिंग.वॉर्निंग)
लॉगिंग.गेटलॉगर("दुकान").सेटलेव्हल(लॉगिंग.डीबग)

झालं. रूट वॉर्निंगवर, त्यामुळे जगातल्या सगळ्या लायब्रऱ्या वॉर्निंगवर, आणि तुमचं पॅकेज तेवढं डीबगवर. लॉबीवाला नियम इथे आपल्या फायद्याचा ठरतो, दुकानचा डीबग मेसेज रूटच्या हँडलरपर्यंत बिनबोभाट पोचतो. हे चालायला तुमच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये लॉगर = लॉगिंग.गेटलॉगर(__नेम__) असं असायला हवं, म्हणजे नावं आपोआप दुकान.बिल, दुकान.साठा अशी पडतात.

इथे एक खड्डा आहे. जी फाइल तुम्ही थेट चालवता तिचं __नेम__ हे __मेन__ असतं, दुकान.काहीतरी नसतं. त्यामुळे त्या एका फाइलमधले डीबग मेसेज दिसत नाहीत आणि माणूस डोकं धरून बसतो. एकतर त्या फाइलमध्ये लॉगरचं नाव हाताने "दुकान.मेन" असं द्या, नाहीतर चालवताना डॅश एम लावून पॅकेज चालवा आणि __मेन__ लाही वेगळी लेव्हल द्या.

उलटी पद्धतही आहे, रूटला इन्फो ठेवायचं आणि जे जास्त बोलतात त्यांची यादी करून फॉर लूपमध्ये एकेकाला वॉर्निंग करायचं. कंपनीतल्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये बऱ्याचदा हीच दिसते. मला पहिली जास्त आवडते कारण उद्या नवीन लायब्ररी आली की यादी वाढवायला लागत नाही, पण बाकीच्यांचे इन्फो खरोखर हवे असतील तर दुसरी घ्या.

आणि हे इम्पोर्टच्या आधी लिहायचं की नंतर? गेटलॉगरला तेच नाव दिलं की तोच लॉगर मिळतो, लायब्ररी इम्पोर्ट व्हायच्या आधी लेव्हल लावली तरी टिकते. पण काही लायब्रऱ्या इम्पोर्ट होताना स्वतःची लेव्हल स्वतः लावतात आणि तुमची पुसतात, म्हणून सगळे इम्पोर्ट झाल्यावर, मेन फंक्शनच्या पहिल्या ओळींत लावणं सगळ्यात सुरक्षित.

५. ओळखीची मंडळी

वेबवर रिक्वेस्ट पाठवायला रिक्वेस्ट्स ही लायब्ररी वापरत असाल तर बोलणारा रिक्वेस्ट्स नसतो, त्याच्या खालचा युआरएललिब३ असतो. रिक्वेस्ट्स नावाच्या लॉगरला गप्प करून काही होत नाही, "युआरएललिब३" ला वॉर्निंग लावा.

तसंच काम करणाऱ्या एचटीटीपीएक्सकडे जरा जास्त लक्ष द्या. हा प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ इन्फो लेव्हलला छापतो, डीबगला नाही, त्यामुळे रूट इन्फोवर असलं तरी दिसते, आणि तिच्यात पूर्ण यूआरएल असते. टेलिग्रामच्या बॉटचं टोकन यूआरएलमध्येच असतं! पायथन-टेलिग्राम-बॉट लायब्ररी आत एचटीटीपीएक्स वापरते, म्हणजे बॉट चालू केला की टोकन लॉगमध्ये जायला लागतं. तिच्या स्वतःच्या उदाहरणांमध्ये एचटीटीपीएक्सला वॉर्निंग करणारी ओळ दिलेली आहे, ती कॉपी करताना फालतू समजून काढू नका. रूट डीबगवर ठेवायचं असेल तर जोडीला "एचटीटीपीकोअर" पण गप्प करावा लागतो.

हाच धोका युआरएललिब३ च्या डीबगलाही आहे, तो पाथसोबत प्रश्नचिन्हापुढचा भागही छापतो, आणि काही सेवांची एपीआय की तिथेच असते. असा लॉग मदतीसाठी कुठे चिकटवायच्या आधी दोनदा वाचा.

अ‍ॅमेझॉनच्या बोटो३ मागे "बोटोकोअर" आहे आणि त्याचा डीबग म्हणजे महापूर. "बोटो३", "बोटोकोअर", "एस३ट्रान्सफर" आणि युआरएललिब३ या चौघांना एकत्रच वॉर्निंग करा. बोटोकोअर.क्रेडेन्शियल्स इन्फोला सांगतो की क्रेडेन्शियल कुठल्या फाइलमध्ये सापडले, ते मात्र कधी कधी फार कामाचं असतं, चुकीच्या अकाउंटवर काम चाललंय का ते कळतं.

मॅटप्लॉटलिबचा फॉन्ट शोधणारा भाग डीबगला प्रत्येक फॉन्टचे मार्क छापतो. मॅटप्लॉटलिब.सेट_लॉगलेव्हल("वॉर्निंग") अशी खास सोय आहे. चित्रं उघडणाऱ्या पिलोचा लॉगर "पीआयएल" या नावाने असतो, पिलो नावाने शोधलं तर सापडत नाही. असिंकआयओची एपोलसिलेक्टरवाली ओळ निरुपद्रवी आहे, दिसली तर दिसू द्या. एसएसएचसाठीचा पॅरामिको इन्फोला प्रत्येक कनेक्शन आणि ऑथेंटिकेशन सांगतो, त्याला वॉर्निंग करून भागतं.

डेटाबेससाठीच्या एसक्यूएलअल्केमीची गंमत वेगळी. ती स्वतःच इम्पोर्ट होताना आपल्या लॉगरला वॉर्निंग लावून घेते, म्हणून रूट डीबग केलं तरी गप्प असते, समजूतदार बाई. पण इंजिन बनवताना एको=ट्रू दिलं की ती स्वतःचा हँडलर लावते, आणि तुमचा रूटचा हँडलर असतोच, मग प्रत्येक क्वेरी दोनदा दिसते. दोन्हीतलं एकच करा. लॉगिंग नीट लावलं असेल तर एको बंद ठेवा आणि "एसक्यूएलअल्केमी.इंजिन" ला इन्फो द्या. क्वेरीसोबत ग्राहकांची माहिती छापली जाऊ नये असं वाटत असेल तर इंजिन बनवताना हाइड_पॅरामीटर्स=ट्रू द्या.

हगिंगफेसच्या ट्रान्सफॉर्मर्सचा स्वतःचा हँडलर असतो आणि तो वर काही पाठवतच नाही, त्यामुळे रूटशी खेळून उपयोग नाही. ट्रान्सफॉर्मर्स.लॉगिंग.सेट_व्हर्बोसिटी_एरर() वापरा, किंवा ट्रान्सफॉर्मर्स_व्हर्बोसिटी हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल.

६. लॉगिंगच्या बाहेरची बडबड

पहिल्या पायरीत जे गेलं नाही ते इथे.

डेप्रिकेशनवॉर्निंग, फ्यूचरवॉर्निंग असे शब्द ओळीत दिसले तर ते वॉर्निंग्ज मॉड्यूल. लोक लगेच वॉर्निंग्ज.फिल्टरवॉर्निंग्ज("इग्नोअर") टाकून मोकळे होतात, टाकू नका, कॅटेगरी आणि मॉड्यूल देऊन नेमकी तीच वॉर्निंग बंद करा. पांडाजच्या फ्यूचरवॉर्निंगचा अर्थ पुढच्या आवृत्तीत तुमचा कोड वेगळं वागणार, ती दाबून ठेवली तर अपग्रेडच्या दिवशी भेटते. माझ्या मते लॉगिंग.कॅप्चरवॉर्निंग्ज(ट्रू) हा चांगला मार्ग, त्याने या वॉर्निंग "पीवाय.वॉर्निंग्ज" नावाच्या लॉगरकडे जातात आणि तुमचा लॉग फाइलमध्ये जात असेल तर त्याच्यासोबत तिथेच पडतात, स्क्रीनवर येत नाहीत पण हरवतही नाहीत.

टेन्सरफ्लो सुरू होताना जे छापतं ते सी++ मधून येतं. त्यासाठी टीएफ_सीपीपी_मिन_लॉग_लेव्हल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, ० म्हणजे सगळं, १ म्हणजे इन्फो बंद, २ म्हणजे वॉर्निंगही बंद, ३ म्हणजे एररसुद्धा बंद. हे टेन्सरफ्लो इम्पोर्ट व्हायच्या आधी सेट झालेलं असलं पाहिजे, नंतर केलं तर काही होत नाही, आणि "मी लावलंय पण चालत नाही" म्हणणाऱ्यांचं बहुतेक हेच असतं. २ वर थांबा, ३ करू नका.

स्पार्कचं लॉगिंग जावाच्या बाजूला असतं. सेशन बनल्यावर स्पार्क.स्पार्ककॉन्टेक्स्ट.सेटलॉगलेव्हल("एरर") केलं की पुढचं शांत होतं, पण सेशन बनायच्या आधीच्या ओळी त्याने जात नाहीत, त्यासाठी लॉगफोरजेची प्रॉपर्टीज फाइल बदलावी लागते, स्पार्क ३.३ पासून ती लॉगफोरजे२ ची आहे. पायथनच्या बाजूला मात्र "पीवाय४जे" नावाचा लॉगर बडबडतो, त्याला चौथ्या पायरीप्रमाणेच वॉर्निंग.

प्रोग्रेस बार टीक्यूडीएमचा असेल तर डिसेबल=ट्रू द्यायची सोय लायब्ररीने ठेवलीय का बघा. हगिंगफेसच्या डाउनलोडसाठी एचएफ_हब_डिसेबल_प्रोग्रेस_बार्स=१.

आणि साधा प्रिंट असेल तर, कॉन्टेक्स्टलिबमधलं रीडायरेक्ट_एसटीडीआउट तेवढ्या कॉलपुरतं लावता येतं. त्याने सी++ मधून आलेलं अडत नाही, फक्त पायथनचं अडतं. लायब्ररीत प्रिंट ठेवणाऱ्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवा आणि शक्य असेल तर इश्यू टाका.

७. जिथे हमखास पाय घसरतो

बेसिककॉन्फिग लिहिलं पण काहीच बदललं नाही: रूटला आधीच हँडलर असेल तर बेसिककॉन्फिग गुपचूप काहीही न करता परत येतं, एररसुद्धा देत नाही. एडब्ल्यूएस लॅम्डामध्ये आणि गुगल कोलॅबमध्ये हँडलर आधीपासून लावलेला असतो, म्हणून घरी चालणारा कोड तिथे चालत नाही. फोर्स=ट्रू द्या, जुने हँडलर काढून नवीन लागतात. लॅम्डामध्ये तर मी नुसतं रूटला सेटलेव्हल करणंच पसंत करतो, तिथला हँडलर रिक्वेस्ट आयडी वगैरे जोडतो तो कशाला घालवा.

याचाच भाऊ म्हणजे लॉगिंग.इन्फो("...") असं थेट मॉड्यूलवर बोलावणं. रूटला हँडलर नसेल तर हे स्वतःहून बेसिककॉन्फिग चालवून टाकतं, आणि मग तुमचं खरं बेसिककॉन्फिग येतं तेव्हा उशीर झालेला असतो. नेहमी गेटलॉगरने मिळालेला लॉगर वापरा.

डिक्टकॉन्फिग (सगळं लॉगिंग एका डिक्शनरीत लिहून लावायची पद्धत) लावल्यावर काही लॉगर कायमचे गप्प झाले: डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स याची किंमत काही दिली नाही तर ती ट्रू धरली जाते, म्हणजे कॉन्फिगच्या आधी तयार झालेले आणि कॉन्फिगमध्ये नाव नसलेले लॉगर बंद पडतात. कॉन्फिग लिहिताना पहिली ओळ ही फॉल्स करायची. याच्यामुळे एरर हरवतात आणि कोणाला पत्ता लागत नाही, माझ्या मते या मॉड्यूलमधला सगळ्यात वाईट निर्णय.

प्रत्येक ओळ दोनदा, तीनदा: नोटबुकमध्ये अ‍ॅडहँडलरवाला सेल पुन्हा पुन्हा चालवला की दर वेळी एक हँडलर वाढतो. किंवा तुमच्या लॉगरलाही हँडलर आणि रूटलाही. हँडलर फक्त रूटला लावा, नाहीतर आपल्या लॉगरवर प्रोपगेट=फॉल्स करा.

एकच मेसेज नकोय, बाकी हवेत: त्यासाठी फिल्टर असतो, पण तो लॉगरवर लावला तर फक्त थेट त्या लॉगरवर निघालेल्या मेसेजना लागतो, पोरांकडून वर आलेल्यांना लागत नाही. हँडलरवर लावा, मग सगळ्यांना लागतो.

मल्टिप्रोसेसिंगमध्ये बडबड परत सुरू, किंवा उलट, सगळंच गायब: विंडोजवर आणि मॅकवर नवीन प्रोसेस कोऱ्या पाटीने सुरू होते, तुमचं लॉगिंग कॉन्फिग तिच्यात जात नाही. प्रोसेस पूल बनवताना इनिशियलायझरमध्ये तेच कॉन्फिग फंक्शन द्या.

आणि वॉर्निंगच्या वर जाऊ नका. युआरएललिब३ ला क्रिटिकल लावलेलं मी बऱ्याच ठिकाणी बघतो. तो वॉर्निंगला सांगतो की कनेक्शन तुटलं म्हणून परत प्रयत्न करतोय, किंवा कनेक्शन पूल, म्हणजे पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शनं, भरलाय म्हणून कनेक्शन फेकून देतोय. दुसऱ्याचा अर्थ तुमचे थ्रेड पूलच्या आकारापेक्षा जास्त झालेत, रिक्वेस्ट्समध्ये तो मुळात १० असतो, अ‍ॅडॉप्टरमध्ये पूल_मॅक्ससाइझ वाढवला की ओळ आपोआप थांबते. तोंड दाबलं असतं तर पूलमध्ये न मावणाऱ्या रिक्वेस्टना नवीन कनेक्शन उघडत राहिलं असतं आणि सर्व्हिस स्लो का झाली हे शोधत बसला असता.

८. कोड न बदलता आवाज कमीजास्त करायची सोय

प्रॉडक्शनमध्ये रात्री काही बिघडलं तर डीबग चालू करायला नवीन डिप्लॉय करायला लागू नये. सेटलेव्हलला आकड्याऐवजी स्ट्रिंगही चालते, म्हणून ओएस.एन्व्हायरॉन.गेट("लॉग_लेव्हल", "इन्फो") याचं उत्तर थेट सेटलेव्हलला द्या. फक्त लेव्हलचं नाव कॅपिटल अक्षरांतच लागतं, स्मॉलमध्ये दिलं तर व्हॅल्यूएरर येते आणि प्रोग्रॅम उठतच नाही, त्यामुळे वाचताना अप्पर() लावून टाका. मी दोन व्हेरिएबल ठेवतो, एक आपल्या पॅकेजसाठी आणि एक रूटसाठी, म्हणजे आपलं डीबग चालू केलं तरी बोटोकोअरचा पूर येत नाही.

लोगुरू ही वेगळी लॉगिंग लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द: तो वेगळाच प्राणी आहे, वरचं झाड त्याला लागू नाही. एखादी लायब्ररी लोगुरूने लॉग करत असेल तर लॉगर.डिसेबल("तिचं नाव") करा.

९. तुम्हीच लायब्ररी लिहीत असाल तर

कधीतरी लिहालच, निदान टीमपुरती. गेटलॉगर(__नेम__) घ्या, पॅकेजच्या __इनिट__ मध्ये आपल्या वरच्या लॉगरला लॉगिंग.नलहँडलर() लावा आणि तिथेच थांबा. बेसिककॉन्फिग नाही, सेटलेव्हल नाही, कन्सोल हँडलर नाही, प्रिंट तर नाहीच. नलहँडलर काही छापत नाही, तो नसेल आणि वापरणाऱ्यानेही काही लावलं नसेल तर पायथन शेवटचा उपाय म्हणून वॉर्निंग आणि वरचे मेसेज एसटीडीएररवर टाकतं, तेवढं टळतं.

मेसेज लिहिताना एफ-स्ट्रिंग न वापरता लॉगर.डीबग("बिल %एस तयार", क्रमांक) असं लिहा, म्हणजे डीबग बंद असेल तेव्हा स्ट्रिंग बनवायचं कामही होत नाही. आणि इन्फोला काय टाकायचं ते जपून ठरवा, प्रत्येक कॉलला एक इन्फो ओळ असेल तर तुमच्या लायब्ररीचं नावसुद्धा कोणाच्या तरी फॉर लूपमधल्या यादीत जाणार.